गिलानी, जिलानी, कीलानी : एका आडनावाचा माग

शाळेत इतिहास शिकवत असताना वर्षाच्या पहिल्या दिवशी हजेरी घेणे हे काम मला फार आवडत असे. कॅटलॉगमधल्या नावांत तालुक्याचा निम्मा इतिहास असतो, असे मी मुलांना सांगत असे आणि मला ते मनापासून वाटतही असे. दापोली तालुक्यातल्या त्या शाळेत एका वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगा नव्याने दाखल झाला. त्याचे नाव गुलाम जिलानी, आणि आडनाव वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या एका गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले, जसे आमच्या भागातल्या हिंदूंचेही असते आणि कोकणी मुसलमानांचेही. मधल्या सुट्टीत मी त्याला विचारले, “जिलानी म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “पीरसाहेबांचं नाव आहे, बाई. आजीने ग्यारवीला नवस केला होता.” एवढे सांगून तो खेळायला पळाला.

त्या मुलाच्या नावात दोन ठिकाणे एकत्र नांदत होती. एक त्याच्या पूर्वजांचे गाव, ज्याला मराठीने ‘कर’ जोडला होता, आणि दुसरा इराणच्या उत्तर टोकाचा गिलान नावाचा प्रांत, ज्याला फारसीने ‘ई’ जोडला होता. पुण्याचा तो पुणेकर, तसा शिराझचा तो शिराझी, इस्फहानचा तो इस्फहानी आणि गिलानचा तो गिलानी. हेच नाव गिलानी, जिलानी, गैलानी, कीलानी, जिलाली, जैलानी अशा रूपांत आज इराकपासून अल्जीरियापर्यंत आणि पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत आढळते, आणि ते लावणाऱ्या बहुतेकांच्या घरात कित्येक पिढ्यांत कोणी गिलानला पाऊल ठेवलेले नाही. एका प्रांताचे नाव इतक्या दूरवर कसे गेले, या प्रश्नाने तेव्हापासून मला सोडले नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी त्याचा माग नीट काढत गेले.

गिलान हा कास्पियन समुद्र आणि अल्बुर्झ पर्वत यांच्या मधला चिंचोळा, हिरवा पट्टा आहे. इराण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते, पण येथे चित्र अगदी उलटे आहे. समुद्रावरून येणारे ढग पर्वताला अडतात आणि उत्तरेच्या उतारावर मुबलक पाऊस पडतो. रश्त हे प्रांताचे मुख्य शहर पावसासाठीच प्रसिद्ध आहे. भाताची खाचरे, चहाचे मळे, मासळी आणि एके काळी जगभर जाणारे रेशीम ही त्या भूमीची ओळख आहे. कोकणात आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला हे वर्णन वाचताना परके वाटले नाही. येथे प्राचीन काळी राहणाऱ्या लोकांना ‘गेल’ किंवा ‘गील’ म्हणत. ग्रीक लेखकांनीही त्यांची नोंद याच नावाने केली आहे. त्या लोकांची भूमी ती गिलान. पर्वताच्या आडोशामुळे अरब सैन्यांना हा मुलूख दीर्घकाळ जिंकता आला नाही, आणि आजही तेथील गिलकी भाषा फारसीहून वेगळी आहे.

अशा आडनावांविषयी एक गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रत्नागिरीत सगळेच रत्नागिरीचे असतात, त्यामुळे तेथे शेजाऱ्याला ओळखण्यासाठी ‘रत्नागिरीकर’ या शब्दाचा काही उपयोग नसतो. तो माणूस मुंबईला किंवा नागपूरला गेला की मग त्याचे गाव त्याला नाव म्हणून चिकटते. गिलानीचेही तसेच आहे. खुद्द गिलानमध्ये माणूस रश्तचा असला तर रश्ती, लाहिजानचा असला तर लाहिजानी, लंगरूदचा असला तर लंगरूदी. डोंगर ओलांडून, समुद्र ओलांडून तो परक्या मुलखात गेला, की तेथल्या लोकांना त्याचे तालुक्याचे गाव ठाऊक नसते. त्यांच्या लेखी तो गिलानचा, म्हणून गिलानी. म्हणजे हे नाव मुळातच परदेशात जन्मणारे आहे.

असे थेट गिलानहून आलेले लोक आपल्या दख्खनेत एके काळी चांगलेच होते, आणि माझ्या तालुक्याशी त्यांचा संबंध निकटचा आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याचा जन्म गिलानमधला. मायदेशातल्या दरबारी वैरामुळे त्याने देश सोडला, व्यापार करत तो फिरला आणि १४५३ च्या सुमारास दाभोळच्या बंदरात उतरून बीदरला गेला. पुढे त्याने विशाळगडाचा, म्हणजे तेव्हाच्या खेळण्याचा, किल्ला आणि संगमेश्वराचा मुलूख घेतला, १४७२ मध्ये गोवा जिंकला आणि त्याच वर्षी बीदरला तो भव्य मदरसा उभा राहिला, ज्याचा निळ्या-पिवळ्या फरशांचा दर्शनी भाग आजही शिल्लक आहे. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. त्याच्या फारसी पत्रसंग्रहात गिलानच्या राज्यकर्त्याला लिहिलेली पत्रेही आहेत. तीस वर्षे दख्खनेत राहूनही त्याचे मायदेशाकडे लक्ष असे. मी मुलांना बीदरच्या सहलीला नेले तेव्हा मदरशासमोर उभे राहून त्यांना सांगितले, की हा माणूस आपल्या खाडीतून वर गेला होता. मुलांना ते खरे वाटेना, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अविश्वास मला अजून आठवतो.

दुसरा बहादूर गिलानी. याची कथा पाठ्यपुस्तकात येत नाही, आणि ती यायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. बहामनी राज्य मोडकळीला आले असताना, १४९० नंतर, या सरदाराने गोवा आणि दाभोळ ही बंदरे ताब्यात घेतली आणि घाटावर कोल्हापूर-पन्हाळ्यापर्यंत हात पोचवले. गुजरातच्या सुलतानाची जहाजे त्याच्या आरमाराने लुटली आणि मुंबईजवळच्या माहीमवरही हल्ला केला. त्या सुलतानाने, म्हणजे महमूद बेगड्याने, बहामनी सुलतानाकडे तक्रार केली, तेव्हा आपसांत भांडणारे दख्खनी सरदारही या एका माणसाविरुद्ध एकत्र आले आणि १४९४ मध्ये पन्हाळा-कोल्हापूरच्या परिसरातल्या मोहिमेत तो मारला गेला. चार-पाच वर्षे कोकण किनाऱ्याचा मोठा भाग एका गिलानी माणसाच्या हातात होता, ही साधी गोष्ट नाही.

पुढच्या शतकात मोगल दरबारातही असेच गिलानी दिसतात. १५६७ मध्ये इराणच्या शाह तहमास्पने गिलानच्या स्थानिक राजाला पकडून तो मुलूख ताब्यात घेतला, तेव्हा तेथील विद्वान घराण्यांची वाताहत झाली. त्यातले हकीम अबुल फत्ह गिलानी आपल्या भावांसह हिंदुस्थानात आले आणि अकबराच्या अगदी जवळच्या माणसांत गणले गेले. १५८९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हसन अब्दालला त्यांना पुरण्यात आले. जहांगीर आणि शाहजहान यांच्या पदरी असलेला सईदा गिलानी हा कवीही होता आणि रत्नपारखी सोनारही. मयूर सिंहासनाचे काम त्याच्याच देखरेखीखाली झाले.

मात्र या सगळ्यांच्या बाबतीत ‘गिलानी’ हे त्या-त्या माणसाचे विशेषण होते. ते त्याच्याबरोबर आले आणि बहुधा त्याच्याबरोबरच संपले, कारण तेव्हा आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची रीत त्या समाजात नव्हती. बापाला गिलानी म्हणत आणि मुलगा पदवीने, हुद्द्याने किंवा नव्या गावाने ओळखला जाई. रेशमाच्या, राजकारणाच्या आणि वैद्यकीच्या वाटेने आलेल्या गिलानींनी आडनावाचा मोठा वारसा मागे ठेवला नाही. आज जगभर जे नाव पसरले आहे ते वेगळ्या वाटेने गेले, आणि त्या वाटेच्या तोंडाशी एकच माणूस उभा आहे.

अब्दुल कादिर गिलानी यांचा जन्म १०७७-७८ च्या सुमाराचा. अठराव्या वर्षी, म्हणजे १०९५ मध्ये, ते शिकण्यासाठी बगदादला गेले. तेथे त्यांनी हनबली या सुन्नी पंथाच्या धर्मशास्त्राचा अभ्यास केला, बराच काळ एकांतात आणि भटकंतीत घालवला आणि पन्नाशीला टेकल्यावर प्रवचने देण्यास सुरुवात केली. त्यांचे चरित्रकार सांगतात, की आपण अरब नसल्यामुळे बगदादच्या वाक्‌पटू लोकांसमोर तोंड उघडण्याचा त्यांना संकोच वाटत असे आणि स्वप्नातल्या आदेशामुळे तो गेला. ही कथा भक्तांची आहे. पण परभाषेच्या शहरात आलेल्या विद्यार्थ्याचा तो संकोच मला खरा वाटतो. ११६६ मध्ये ते वारले, तेव्हा बगदादमध्ये त्यांचा मदरसा आणि मठ नावारूपाला आले होते. त्यांच्या नावाने पुढे कादिरी हा सूफी संप्रदाय उभा राहिला. आपल्याकडे त्यांना गौस-ए-आझम, पीरानपीर किंवा दस्तगीर म्हणतात. सांगली-सोलापूरकडच्या घरांत दस्तगीर हे नाव आजही ठेवले जाते, आणि रबीउल आखर महिन्याच्या अकराव्या दिवशी होणारी त्यांची ग्यारवी कोकणातल्या मोहल्ल्यांतही पाळली जाते.

त्यांना पुष्कळ मुले होती. अब्दुल रझ्झाक, अब्दुल अझीझ अशा पुत्रांच्या वंशांनी पुढे बगदादमध्ये समाधीची व्यवस्था, मदरसा आणि दान यांचा कारभार सांभाळला. येथे विशेषणाचे आडनाव झाले. गिलानला कधी न गेलेला नातू-पणतूही स्वतःला गिलानी म्हणवू लागला, कारण आता त्या शब्दातून कोणाला कास्पियनचा किनारा आठवत नव्हता. बगदादची ती समाधी आठवत होती. एका अर्थाने ‘गिलानी’ म्हणजे ‘बगदादच्या त्या घरातला’ असा नवा अर्थ तयार झाला, आणि गावाच्या नावाने सुरू झालेला शब्द घराण्याचे नाव म्हणून स्थिर झाला.

यानंतर या शब्दाला जी रूपे मिळाली ती अक्षरांमुळे मिळाली, आणि मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त आनंद याच भागाने दिला. प्रमाण अरबीत ‘ग’ हा ध्वनी नाही. फारसी ‘ग’ समोर आला की अरब लेखक त्या जागी बहुधा जीम, म्हणजे ‘ज’ हे अक्षर लिहीत, म्हणून गिलानचे जीलान झाले आणि गिलानीचा जीलानी. काही ठिकाणी मात्र काफ, म्हणजे ‘क’ हे अक्षर वापरण्याची पद्धत पडली. इराकच्या बोलीत ‘ग’ आहे, त्यामुळे बगदादमधले लोक काफ लिहितात आणि तरीही तोंडाने ‘गैलानी’ असेच म्हणतात. तेच लिखित रूप सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन आणि इजिप्त येथे पोचले, तेव्हा वाचणाऱ्यांनी समोर दिसणारे अक्षर उच्चारले आणि नाव ‘कीलानी’ किंवा ‘कैलानी’ झाले. कैरोत तर आणखी एक वळण आहे. तेथील बोलीत जीम या अक्षराचाच उच्चार ‘ग’ असा होतो, म्हणून अरबीत ‘जीलानी’ असे लिहिलेले नाव कैरोचा माणूस ‘गीलानी’ असे वाचतो, आणि नऊशे वर्षांचा प्रवास करून शब्द आपोआप मूळ उच्चारावर परत येतो. पश्चिमेकडे मोरोक्को-अल्जीरियात शेवटच्या ‘न’चा ‘ल’ झाला आणि जिलाली हे रूप रूढ झाले. म्हणून या आडनावाचा माणूस भेटला आणि त्याने आपले नाव उच्चारले, की त्याचे घराणे कोणत्या वाटेने गेले याचा अंदाज पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावरून बराचसा बांधता येतो.

बगदादच्या घराण्याचा मान मोठा होता. १५०८ मध्ये इराणच्या शाह इस्माईलने बगदाद घेतले तेव्हा ही समाधी उद्ध्वस्त झाली, आणि १५३४ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमानने शहर जिंकल्यावर ती पुन्हा उभारली. या घटनेत एक गोष्ट फार लक्षणीय आहे. शाह इस्माईलच्या सफवी घराण्याचा मूळ पुरुष शेख सफीउद्दीन हा ज्यांचा शिष्य आणि जावई होता, ते शेख झाहिदही गिलानीच होते. तेराव्या शतकात लाहिजानच्या परिसरात त्यांचा मठ होता. एका गिलानी गुरूच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या राजवंशाने दुसऱ्या गिलानी सत्पुरुषाची समाधी पाडली. सफवींनी इराणला शिया केले आणि तेथून सुन्नी सूफी संप्रदायांची पाळेमुळे उखडली गेली. बगदादच्या पीराचा महिमा ज्या देशातून तो गेला त्याच देशात ओसरला, आणि हे इराणी नाव इराणबाहेर अधिक जोमाने वाढले, याचे मुख्य कारण मला येथे दिसते.

उस्मानी काळात या घराण्याकडे बगदादच्या नकीबाचे पद होते; नकीब म्हणजे शहरातल्या सय्यदांचा, म्हणजे पैगंबरांचे वंशज मानल्या जाणाऱ्यांचा, प्रमुख. विसाव्या शतकात इराक हे राज्य तयार झाले तेव्हा १९२० मध्ये त्याचे पहिले पंतप्रधान झाले ते नकीब अब्दुल रहमान गैलानीच, आणि तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. पुढे याच नावाचे रशीद अली गैलानी तीन वेळा पंतप्रधान झाले. १९४१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या साहाय्याने सत्ता घेतली, ब्रिटिशांनी बसऱ्याला हिंदी पलटणी उतरवल्या, मे महिन्यात युद्ध झाले आणि रशीद अली देश सोडून अखेर जर्मनीला गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात हे नाव आले की त्याचा उगम कास्पियनच्या भातखाचरांत आहे, हे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही.

सीरियातल्या हमा शहरात या घराण्याची एक मोठी शाखा होती. ओरोन्तेस नदीच्या काठी, जेथे पाणी उपसणारी प्रचंड लाकडी रहाटे आहेत, तेथे कैलानिया नावाचा संपूर्ण मोहल्लाच त्यांच्या वाड्यांनी आणि मठांनी बनलेला होता. १९८२ च्या फेब्रुवारीत सरकारी सैन्याने हमा शहरातला उठाव चिरडला, तेव्हा तो मोहल्ला पार जमीनदोस्त झाला. जुन्या छायाचित्रांत नदीच्या पाण्यात त्या दगडी भिंतींचे प्रतिबिंब दिसते. माणसे दुसरीकडे गेली, आडनाव त्यांच्याबरोबर गेले, पण ज्या घरांमुळे त्या आडनावाला शहरात वजन होते ती घरे राहिली नाहीत. इजिप्तमध्ये हे नाव साहित्यात दिसते: अरबी बालसाहित्याचा पाया घालणारे कामिल कीलानी आणि कादंबरीकार नजीब कीलानी हे दोघेही तेथलेच.

मगरिबात, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागात, जिलाली हे आडनावापेक्षा आधी मुलाचे नाव म्हणून रूढ होते. १९०२ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाविरुद्ध उठलेला तोतया बू हमारा याचे खरे नावही जिलालीच. अल्जीरियात १८८२ च्या फ्रेंच कायद्याने प्रत्येक कुटुंबाला आडनाव नोंदवणे भाग पडले, आणि अशा अनेक ठिकाणी आजोबांचे नाव हेच कुटुंबाचे आडनाव झाले. फ्रेंच कारकुनांनी ते आपल्या पद्धतीने लिहिले, आणि पुढे फ्रान्सला स्थलांतर केलेल्या अल्जीरियन कुटुंबांनी तेच लेखन सोबत नेले.

आपल्या उपखंडाच्या बाजूला पंधराव्या शतकात मुहम्मद गौस गिलानी हे पंजाबातल्या उच येथे येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्यापासून त्या भागात कादिरी परंपरा रुजली. त्यांच्या वंशातले मूसा पाक शहीद यांची समाधी मुलतानला आहे, आणि तिच्याशी संबंधित सय्यद घराण्यातले यूसुफ रझा गिलानी २००८ पासून २०१२ पर्यंत पाकिस्तानचे पंतप्रधान होते. काश्मीरमध्ये हेच आडनाव दीर्घकाळ बातम्यांत राहिले ते फुटीरतावादी नेते सय्यद अली शाह गिलानी यांच्यामुळे; २०२१ मध्ये ते वारले. अफगाणिस्तानातले गैलानी मात्र फार उशिरा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, थेट बगदादहून आले, आणि म्हणूनच त्यांच्या नावात बगदादी उच्चार टिकून आहे. पीर सय्यद अहमद गैलानी हे सोव्हिएत फौजांविरुद्ध लढणाऱ्या एका प्रमुख गटाचे नेते याच घरातले. पंजाबी कुटुंबे इंग्लंडला गेली तेव्हा ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत गिलानी हे आडनाव पोचले, आणि त्यांच्याच आसपास राहणारा इराकी गैलानी आणि पॅलेस्टिनी कीलानी आपल्याच नावाचा आहे हे कित्येकदा दोघांनाही कळत नाही.

आतापर्यंत सांगितले ते घराण्याचे. पण माझ्या वर्गातला मुलगा कोणा सय्यद घराण्यातला नव्हता, आणि मला वाटते जगातल्या जिलानींपैकी फार मोठा भाग त्याच्यासारखाच आहे. गुलाम जिलानी म्हणजे जिलानींचा सेवक. मूल होत नाही, झालेले जगत नाही, म्हणून पीराला नवस करायचा आणि मूल झाले की त्याला पीराचे नाव द्यायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेने झालेली मुले म्हणून मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. गावोगावचे पिराजी हे नावही त्याच भावनेतून आलेले आहे. शहाजी हे नाव धारण केल्याने कोणी शाह शरीफांचा वंशज ठरत नाही. तसेच जिलानी नावाच्या माणसाचे गिलानशी रक्ताचे नाते असावे लागत नाही.

मग पुढच्या पिढीत हेच नाव आडनाव होते. याचे सर्वांत ठळक उदाहरण पाकिस्तानच्या न्यायालयीन इतिहासात आहे. मलिक गुलाम जिलानी या राजकीय नेत्याला लष्करी राजवटीने स्थानबद्ध केले, तेव्हा त्यांच्या तरुण मुलीने न्यायालयात धाव घेतली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात याह्या खान यांनी सत्ता बळकावली होती असा निर्णय दिला. तो खटला असमा जिलानी खटला म्हणून ओळखला जातो, आणि ती मुलगी म्हणजे पुढे मानवी हक्कांच्या लढ्यासाठी जगभर नाव झालेल्या असमा जहांगीर. त्यांच्या बहीण हिना जिलानी याही नामांकित वकील आहेत. येथे जिलानी हा शब्द वडिलांच्या नावाचा उत्तरार्ध होता, आणि एका पिढीत तो मुलींचे आडनाव झाला.

आणखी एक वाट बिहारमधून जाते. नालंदा परिसरात गिलानी नावाचे गाव आहे, आणि प्रसिद्ध इस्लामी विद्वान मनाझिर अहसन गिलानी हे त्या गावावरून गिलानी झाले. त्यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले, जेथे त्या काळी मराठवाड्यातली मुलेही शिकायला जात. तेव्हा नुसते आडनाव पाहून माणसाच्या वंशावळीविषयी अनुमान काढण्याची जी घाई आपण करतो, ती या एका शब्दाच्या बाबतीत तरी टिकत नाही.

समुद्राच्या वाटेने हे नाव दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे गेले. कोळिकोडच्या काझी मुहम्मद यांनी १६०७ मध्ये अब्दुल कादिरांवर अरबी-मलयाळममध्ये रचलेले स्तुतिकाव्य केरळच्या घराघरांत म्हटले जात असे. श्रीलंकेत बलांगोडाजवळच्या कुरगला या डोंगरावर ‘दफ्तर जैलानी’ नावाचे स्थान आहे, जेथे त्यांनी तप केले अशी तेथील मुसलमानांची श्रद्धा आहे. ते बगदाद सोडून इतक्या दूर आले असतील असे इतिहास मानत नाही, पण त्या श्रद्धेमुळे जैलानी हे नाव त्या बेटावर घट्ट रुजले. इंडोनेशियात त्यांच्या चरित्राचे सामूहिक वाचन होते आणि मुलांची नावे जैलानी ठेवली जातात. त्या देशाने १९७२ मध्ये आपली लेखनपद्धती सुधारली, तेव्हा डच धाटणीने लिहिलेल्या या नावातले एक आद्याक्षर गळले, आणि त्यामुळे आजोबा व नातू एकच नाव दोन प्रकारे लिहितात असे दृश्य तेथे दिसते.

खुद्द इराणमध्ये आडनावांची सक्तीच मुळी उशिरा झाली. १९१८ मध्ये तेहरानात ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली, १९२५ च्या कायद्याने जुन्या पदव्या रद्द झाल्या आणि प्रत्येकाला आडनाव घेणे बंधनकारक झाले. तेव्हा अनेकांनी गावाचे नाव जोडून घेतले आणि गिलानी हे आडनाव तेथेही नोंदले गेले. ते या बगदादी परंपरेशी जोडलेले नाही. त्यात पुन्हा तो पाऊस आणि तो किनारा आहे. मला या संदर्भात रश्तच्या मज्दुद्दीन मीरफखराई या कवीची आठवण येते. ते १९३३ च्या सुमारास इंग्लंडला गेले, तेथे डॉक्टर झाले आणि १९७२ मध्ये लंडनलाच वारले. त्यांनी कवितेसाठी घेतलेले नाव होते गुलचीन गिलानी, म्हणजे गिलानचा फुले वेचणारा. लहानपणी गिलानच्या जंगलात अनुभवलेल्या पावसावरची त्यांची कविता इराणच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केली आहे. परदेशात राहून मायभूमीचे नाव स्वतःहून लावणारा हा गिलानी मला महमूद गवानच्या फार जवळचा वाटतो.

माझा तो विद्यार्थी आता कुवेतला एका वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. आमच्या खाडीकाठच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष तिकडेच असतात. गेल्या रमझानमध्ये त्याचा फोन आला होता. त्याच्याबरोबर काम करणारा एक वयस्क इराकी माणूस त्याला हाक मारताना ‘गैलानी’ म्हणतो, आणि पहिल्याच दिवशी त्याने मोठ्या आदराने विचारले होते, की तू बगदादच्या त्या घराण्यातला आहेस का. “मग तू काय सांगितलंस?” मी विचारले. तो म्हणाला, “मी सांगितलं, नाही, मी दाभोळकडचा. तर तो म्हणाला, दाभोळ कुठे आलं? आता त्याला कसं समजावू, बाई?” मी त्याला महमूद गवानचे नाव सांगितले आणि १४५३ हे साल एका कागदावर लिहून ठेवायला सांगितले.